खटल्यानंतरची सदुसष्ट वर्षे : डॉ. रखमाबाई

१/
रखमाबाई हे नाव निघाले की बहुतेकांना एक खटला आठवतो. बालपणी लावलेला विवाह मान्य नाही म्हणून नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार देणारी, प्रसंगी तुरुंगवास पत्करेन असे सांगणारी बावीस वर्षांची तरुणी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. हा वाद १८८४ मध्ये सुरू झाला आणि १८८८ मध्ये मिटला. रखमाबाई मात्र त्यानंतर सदुसष्ट वर्षे जगल्या. त्यांपैकी सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत वैद्यकीय सेवा केली. आजचा थ्रेड खटल्याविषयी आहेच, पण त्याहून अधिक त्यानंतरच्या दीर्घ आयुष्याविषयी आहे.

२/
आरंभ घरापासून करू. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. हे कुटुंब सुतार जातीचे होते आणि या जातीत विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर डॉक्टरांशी विवाह केला. त्याआधी त्यांनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता रखमाबाईंच्या नावे केली. रखमाबाई तेव्हा साडेआठ वर्षांच्या होत्या.

३/
ही मालमत्ता हस्तांतरित करण्यामागे कायदा होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात आणला. जयंतीबाईंच्या या निर्णयामुळे एका लहान मुलीच्या नावावर स्वतंत्र संपत्ती आली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा वादाच्या मुळाशी ही संपत्तीच आहे, असा आरोप दोन्ही बाजूंनी परस्परांवर झाला. म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा.

४/
डॉ. सखाराम अर्जुन (१८३९-१८८५) हे स्वतंत्र थ्रेडचा विषय व्हावेत असे गृहस्थ होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत दोनच भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. वैद्यकशास्त्र मराठीत यावे म्हणून त्यांनी ग्रंथलेखनही केले. त्यांचा 'गर्भविद्या व प्रसूतिकरण' हा ग्रंथ १८७३ चा. जिच्या हातून पुढे असंख्य बाळंतपणे व्हायची होती, ती मुलगी प्रसूतिशास्त्रावर मराठीत लिहिणाऱ्या माणसाच्या घरात वाढत होती.

५/
परंतु याच सुधारक घराने तिचा विवाह अकराव्या वर्षी लावला. वर होते दादाजी भिकाजी, वय सुमारे एकोणीस. ते सखाराम अर्जुन यांचे नात्यातले होते. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि कर्तेसवरते व्हावे अशी अपेक्षा होती. दादाजींचे शिक्षणात मन लागले नाही आणि काही काळाने ते आपल्या मामांकडे राहू लागले. रखमाबाई आई आणि सावत्र वडिलांकडेच राहिल्या. त्या वयात आल्यावर रूढीनुसार गर्भाधान व्हावे असा आग्रह झाला, पण डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्याला संमती दिली नाही. कोवळ्या वयातील मातृत्वाचे परिणाम त्यांना डॉक्टर म्हणून ठाऊक होते.

६/
इथे घाईने कोणाला नायक आणि कोणाला खलनायक ठरवू नये. एकोणिसाव्या शतकातील अनेक सुधारक घरे अशीच द्विधा होती. जातीच्या रीतीपुढे मान तुकवून विवाह लावायचा आणि नंतर त्याच विवाहाच्या परिणामांपासून मुलीला वाचवायचे, अशी ही कसरत होती. रखमाबाईंना शाळेचे शिक्षण फारसे मिळाले नाही. घरी मिळतील ती पुस्तके वाचून त्या इंग्रजी शिकल्या. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्या सभांना त्या जात असत. पुढे त्यांचे जे इंग्रजी लेखन साऱ्या मुंबईने वाचले, त्याची तयारी अशी घरातच झाली.

७/
मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली. नकार मिळाल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात 'वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने'चा दावा लावला. ही संकल्पना हिंदू धर्मशास्त्रातील नव्हती. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून ब्रिटिश न्यायव्यवस्थेमार्फत इकडे आली होती. विशेष म्हणजे असा हुकूम न पाळणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद इंग्लंडने त्याच वर्षी, १८८४ मध्ये, रद्द केली. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ती शिक्षा कायम होती.

८/
एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. खटला उभा असताना घरातील आधार गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ जून १८८५ रोजी, 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्र प्रसिद्ध झाले. दुसरे पत्र १९ सप्टेंबरला आले आणि त्याचा विषय सक्तीचे वैधव्य हा होता. लेखिका कोण, हे तेव्हा वाचकांना माहीत नव्हते. ती रखमाबाई होती. बेहरामजी मलबारींनी आदल्याच वर्षी या दोन्ही प्रश्नांवर टिपणे प्रसिद्ध करून चर्चेला तोंड फोडले होते. आता त्या चर्चेत प्रत्यक्ष भोगणारीचा आवाज मिसळला.

९/
२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : हे दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग पुनःस्थापना कशाची करायची? अजाण वयात बांधलेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. सुधारकांनी निकालाचे स्वागत केले. सनातनी पक्षाने मात्र हिंदू विवाहसंस्थेवर घाला आल्याची हाकाटी केली. पुण्याच्या 'मराठा' पत्राने निकालावर कठोर टीका केली आणि टिळकांची भूमिकाही या प्रश्नी रखमाबाईंच्या विरोधातच राहिली.

१०/
यातील विसंगती ध्यानात घ्यावी. चर्चच्या न्यायालयांत जन्मलेला, खुद्द इंग्लंडमध्ये बोथट होत चाललेला उपाय हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आवश्यक म्हणून मांडला जात होता. त्याच वेळी परकीय न्यायालयाने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, असेही म्हटले जात होते. सनातनी पक्षाच्या भीतीमागे वसाहतवादाचा खरा अनुभव होता, हे नाकारता येत नाही. पण त्या राजकीय लढाईची किंमत एका तरुणीने चुकवावी, अशी ही मागणी होती.

११/
दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निर्णय फिरवला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला : महिन्याभरात पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद. कायद्याने दिली जाईल ती कमाल शिक्षा आपण भोगू, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी सांगितले.

१२/
या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पाहावे. निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले होते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आनंदीबाईंना वयाची बावीस वर्षेही पूर्ण करता आली नाहीत. जवळजवळ एकाच वयाच्या या दोघी. एकीचा पती तिने डॉक्टर व्हावे म्हणून हट्टाला पेटला होता, तर दुसरीचा पती तिने घरी यावे म्हणून न्यायालयात गेला होता. आनंदीबाईंना रुग्णसेवेची संधी मिळालीच नाही. ते काम रखमाबाईंच्या वाट्याला यायचे होते, पण त्या मार्च महिन्यात त्यांच्यापुढे तुरुंग होता.

१३/
आता समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा एक समज तपासू. 'महाराणी व्हिक्टोरियाने न्यायालयाचा निकाल रद्द करून रखमाबाईंचा विवाह मोडला,' असे सांगितले जाते. तसे घडले नाही. ९ एप्रिल १८८७ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रखमाबाईंचे पत्र प्रसिद्ध झाले. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुलामुलींच्या विवाहाच्या वयासंबंधी कायदा बदलावा, अशी विनंती त्यात होती. या विनंतीचेच पुढे दंतकथेत रूपांतर झालेले दिसते. निकाल रद्द करणारा कोणताही राजहुकूम निघाला नाही.

१४/
प्रत्यक्ष शेवट अगदी साधा झाला. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. पुढे त्यांनी दुसरा विवाहही केला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही, पण घटस्फोटही मिळाला नाही. हिंदू स्त्रीसाठी घटस्फोटाची तरतूदच तेव्हा कायद्यात नव्हती. थोडक्यात, त्या सुटल्या तरी कायद्याच्या दृष्टीने दादाजींच्या पत्नीच राहिल्या. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. त्यामागील वातावरण घडण्यात या खटल्याचा मोठा वाटा होता. मात्र त्या कायद्यानेही रखमाबाईंच्या वैवाहिक स्थितीत काही बदल झाला नाही.

१५/
इथे बहुतेक लेख थांबतात. आपण पुढे जाऊ. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. एडिथ पेची या इंग्रज डॉक्टर होत्या. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. त्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नव्हती आणि पदवीसाठी त्यांना अन्यत्र जावे लागले होते. डॉक्टर होण्याच्या रखमाबाईंच्या इच्छेला त्यांनी प्रोत्साहन दिले आणि निधी उभारण्यास मदत केली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमधील मॅक्लॅरन दांपत्याने आधार दिला.

१६/
१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही संस्था १८७४ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. जेक्स-ब्लेक एडिंबराच्या लढ्यात पेचींच्या सहकारी होत्या. शाळेत फारसे न शिकलेल्या रखमाबाईंनी पाच वर्षांत विज्ञान, शरीरशास्त्र आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम आत्मसात केले. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयांची संयुक्त परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवला. ज्या एडिंबराने पेचींना डावलले होते, तेथील महाविद्यालयांची मोहोर त्यांनी पाठबळ दिलेल्या विद्यार्थिनीच्या परवान्यावर होती.

१७/
दुसरा एक समज इथेच दुरुस्त करावा. रखमाबाईंना 'भारतातील पहिल्या व्यवसाय करणाऱ्या स्त्री-डॉक्टर' म्हटले जाते. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ पासून, म्हणजे रखमाबाईंच्या जवळजवळ दशकभर आधी, व्यवसायात होत्या. रखमाबाई या पहिल्या पिढीतील आणि त्या पिढीतही सर्वाधिक काळ सेवेत राहिलेल्यांपैकी एक, असे म्हणणे अचूक ठरेल. 'पहिली कोण' हा प्रश्न इतिहासात फार जागा अडवतो. किती काळ, कुठे आणि कोणासाठी काम केले, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात.

१८/
१८९५ मध्ये रखमाबाई सुरतेच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. स्त्रियांसाठी वेगळ्या रुग्णालयांची गरज का होती, हे समजून घ्यावे. पडद्यातील किंवा कुलीन घरातील स्त्रीला परपुरुषाने तपासणे अनेक कुटुंबांना मान्य नव्हते. बाळंतपण घरीच, बहुधा अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताने होई. अडलेल्या बाळंतिणीला डॉक्टरकडे नेईपर्यंत वेळ निघून गेलेली असे. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी स्थापन केलेला निधी याच प्रश्नासाठी होता. पण इमारत उभारली म्हणून रुग्ण येत नाहीत. आत बसलेल्या डॉक्टरवर विश्वास बसावा लागतो.

१९/
रखमाबाईंच्या बाबतीत हा विश्वास मिळवणे अधिक अवघड होते. नवऱ्याला सोडलेली, समुद्र ओलांडून आलेली ही स्त्री. भाषा गुजराती, गाव परके. त्यातच लगेच संकटांची रांग लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि सुरतही त्यातून सुटली नाही. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६ मधला म्हणून गुजरातेत तो 'छप्पनियो' या नावाने ओळखला जातो. या साऱ्या काळात रखमाबाई सुरतेतच राहिल्या आणि पुढेही, एकूण दोन दशकांहून अधिक काळ, तेथेच काम करीत राहिल्या. सरकारने त्यांच्या सेवेसाठी त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

२०/
१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र परिधान केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. हा प्रसंग वाचताना आपण अडखळतो. जो विवाह मान्य नाही म्हणून तुरुंगाची तयारी ठेवली, त्या विवाहाचे वैधव्य का स्वीकारावे? कोणी याला हार म्हणेल, कोणी संस्कारांचा पगडा. मला त्यामागे एक व्यावहारिक शक्यताही दिसते. ज्या घरांत त्यांना बाळंतिणीपर्यंत पोहोचायचे होते, त्या घरांचा उंबरा ओलांडताना पांढरे लुगडे अडसर दूर करत असावे. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण ज्या समाजाने त्यांना दूषणे दिली, त्याच समाजातील स्त्रियांची सेवा त्या करत होत्या, एवढे तरी निर्विवाद आहे.

२१/
१९१८ च्या सुमारास त्यांना सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये पद देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी घेतली. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. काठियावाड हा लहानमोठ्या संस्थानांचा प्रदेश होता आणि पडद्याची रूढी तेथील दरबारी घरांत घट्ट रुतलेली होती. राजकोटमध्ये रेडक्रॉसचे काम त्यांनी उभे केले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने त्याच वर्षी देशभर थैमान घातले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी रुग्णालय चालवणे म्हणजे काय असेल, याची कल्पना येते.

२२/
१९२९-३० च्या सुमारास त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. वय पासष्ट. विश्रांती घ्यावी अशा या वयात त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. १९२९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या इंग्रजी लेखांचा एक संग्रह मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात पडदा पद्धती का संपवावी, यावर रखमाबाईंचा लेख आहे. १८८५ मध्ये निनावी पत्र लिहिणारी तरुणी चव्वेचाळीस वर्षांनी स्वतःच्या नावाने लिहीत होती आणि मधल्या काळात तिने पडद्याआडच्या हजारो स्त्रियांच्या नाडीवर हात ठेवलेला होता. म्हणून त्या लेखाकडे सुधारकी आवेशापेक्षा डॉक्टरचे निदान म्हणून पाहावे, असे मला वाटते.

२३/
२५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत रखमाबाईंचे निधन झाले. वयाची नव्वद वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. त्याच वर्षी, मे महिन्यात, हिंदू विवाह कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा हा कायदा त्यांच्या हयातीत, पण मृत्यूच्या अवघे चार महिने आधी अस्तित्वात आला. ज्या दारातून त्यांना १८८८ मध्ये जाता आले नाही, ते दार १९५५ मध्ये उघडले.

२४/
मात्र याच कायद्याचे कलम ९ काढून वाचा. ते आहे 'वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने'चे. पत्नीने हुकूम न पाळल्यास कैद करण्याची तरतूद १९२३ मध्येच काढून टाकण्यात आली होती, पण मूळ उपाय स्वतंत्र भारताने ठेवला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवले. इंग्लंडने ही तरतूद १९७० मध्येच रद्द केली होती. आपल्याकडे ती आजही आहे. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला म्हणूनच केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरता उरलेला नाही.

२५/
समारोप. रखमाबाईंच्या आयुष्याचे आपण चार वर्षांत आकुंचन केले आहे. त्या चार वर्षांत त्या एका व्यवस्थेला नाही म्हणाल्या. ते धैर्याचे होतेच. पण घटस्फोट कधीही न मिळालेल्या या स्त्रीने पुढची पस्तीस वर्षे रोज सकाळी रुग्णालयाचे दार उघडले. या वाटचालीच्या सुरुवातीला आपली मालमत्ता मुलीच्या नावे करणारी आई होती आणि गर्भाधानाला नकार देणारा सावत्र पिता होता. आपल्या कुटुंबाने त्यांना जे दिले, ते त्यांनी परक्या गावांतील परक्या लेकींना दिले.

२६/
आपल्या आजोळी किंवा शेजारी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या 'डॉक्टरीणबाईं'ची आठवण सांगणारे कोणी असेल, तर ती आठवण आजच लिहून ठेवा : नाव, गाव, साल, जमेल तितके. न्यायालयातील चार वर्षांची दप्तरे सरकार जपते. रुग्णालयातील पस्तीस वर्षांची आठवण जपण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

(थ्रेड समाप्त. पुढच्या थ्रेडसाठी डॉ. सखाराम अर्जुन आणि मराठी वैद्यकग्रंथ हा विषय घेऊ का, ते कळवा.)